गळका सांधा

पेण, जि. कुलाबा
१२ जानेवारी १९५६

मित्रवर्य पुंडलिक यास,

हिरामणचा रामराम. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. थंडीत त्यांचे गुडघे धरतात, एरंडेल कोमट करून चोळावं म्हणावं.

आता कामाचं. शेठने लिलावात घेतलेला लष्करी ट्रक तुला माहीतच आहे. काळुराम तो चालवतो, मिठागरातून मीठ भरतो आणि रोह्याला नेऊन उतरवतो. त्या ट्रकने माझा जीव खाल्ला आहे. गिअरपेटीपासून मागच्या चाकांपर्यंत जी लांब दांडी फिरते, तिच्या दोन्ही टोकांचे सांधे दर महिन्या-दीड महिन्याला जातात. उधाणाचं पाणी बांधावर येतं, ट्रक त्यातून जातो, खारं पाणी सांध्यात शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. आतले सुईएवढे रूळ गंजतात आणि त्यांचा भुगा होतो. मुंबईचा दुकानदार म्हणतो, या जातीची गाडी आता विलायतेतही बनत नाही, सांधा कुठून देऊ. आपण दोघं लष्करी वर्कशॉपात होतो तेव्हा असले सांधे पेटीने पडलेले असायचे, आठवतं ना?

म्हणून ठरवलं की ग्रीसच नको. सांधा तेलात बुडवून ठेवायचा. चामड्याची पिशवी करायची, सांध्यावर चढवायची, दोन्हीकडून आवळायची, आत तेल. तेल बाहेर येता कामा नये आणि पाणी आत जाता कामा नये. बाबाजी चांभाराने पिशवी शिवून दिली आहे. उद्या बसवतो. काळुराम मीठ उतरवून तुझ्या गॅरेजवर येईल. गाडीखाली शिरून बघ, पिशवी ओली आहे की कोरडी, आणि खरं काय ते लिही. माझं मन राखायला जाऊ नकोस.

इकडे सर्व ठीक. भात सकाळीच दोन्ही वेळचा टाकतो, म्हणजे संध्याकाळी चूल पेटवावी लागत नाही.

तुझा
हिरामण


वरसे, रोहे
२१ जानेवारी १९५६

दाजीबा,

खरं लिही म्हणालास म्हणून लिहितो. तुझ्या पिशवीत तेल सोडून बाकी सगळं होतं. दांडी गरगर फिरली की तेल बाहेर पळणारच, ते शिवणीच्या एकूण एक भोकातून निघालं. काळुराम म्हणतो, नागोठण्यापासून एक कुत्रं रस्ता चाटत मागे लागलं होतं. बाबाजीच्या टाक्याला नाव ठेवत नाही, पण पायताण शिवणं वेगळं आणि हे वेगळं.

तुझं पत्र मी घरी मोठ्याने वाचतो. आई ऐकते, हौसा ऐकते. माझ्या बहिणीला अक्षरओळख नाही हे तुला लग्नाआधीच सांगितलं होतं, फसवलं नव्हतं. तू पानभर चामड्यावर लिहिलंस, माझ्या आईच्या गुडघ्यांवर लिहिलंस आणि बायकोवर अर्धी ओळ नाही. असो, मी वाचायचं तसं वाचलं. पिशवीचं ऐकून हौसा म्हणाली, "दादा, लोनच्याच्या बरनीला आपन दादरा बांधतो ना, तसं करा म्हनावं. फडकं ओढून वेढं घालायचं. भोकं पाडल्यावर गळनारच की." मला तर पटलं.

आता माझं ऐक. मूल जाऊन तीन महिने होत आले. तू आलास, अंगणात बसलास, आईच्या शिवणयंत्राचा तुटलेला पट्टा नीट केलास आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलास. आत पाऊल टाकलं नाहीस. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली बाई नवरा न्यायला आल्याशिवाय आपल्या पायांनी सासरी जात नाही, हा रिवाज काही मी काढलेला नाही. संक्रांत झाली. शेजारणी विचारायला लागल्या. ती अंगण झाडायला उठते आणि गाडीचा आवाज आला की झाडू हातात धरून उभी राहते. एक दिवस रजा काढ आणि ये.

तुझा
पुंडलिक


पेण
६ फेब्रुवारी १९५६

मित्रवर्य पुंडलिक यास,

पत्र मिळालं. दादऱ्याची युक्ती चालली, हौसाला तसं सांग. शिवण काढूनच टाकली. चामड्याचा अखंड तुकडा भिजवला, लाकडी साच्यावर ओढून वाळवला आणि दोन्ही तोंडांना सुतळीचे वेढे घातले. आता भोक एकही नाही. वेढ्याच्या कडेने थोडं पाझरतं, तेवढं पाझरू दे. त्याला आता मी हात लावणार नाही.

का ते सांगतो. माझे बाबा, कान्हू, नवी होडी खाडीत सोडायचे तेव्हा ती पहिले काही दिवस गळायचीच. लहानपणी मी घाबरून पाणी उपसायला धावायचो. बाबा म्हणायचे, बस गप, तिला पिऊ दे. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपल्या आपण बुजतात. घाई करून जो फटीत जास्त काथ्या कोंबतो त्याची होडी पुढे फाटते. चामडंही तसंच आहे. पाच-सहा खेपा भिजेल, फुगेल आणि बसेल.

तू हौसाचं लिहिलंस. मला वाटतं तिचंही तसंच आहे. आत्ता न्यायला आलो तर ती काय बोलणार आणि मी काय बोलणार. थोडे दिवस जाऊ देत. माणसाचं मनही हळूहळू बसतं. मग ती आपोआप येईल.

पाळण्यासाठी आढ्याला कड्या ठोकल्या होत्या त्या काढून ठेवल्या. तिथे भोकं राहिली आहेत, बुजवायची आहेत. निजलो की नेमकी समोर येतात.

हिरामण


वरसे, रोहे
९ मार्च १९५६

हिरामण,

या वेळी चेष्टा करत नाही. परवा खिंडीच्या चढावर ट्रकची दांडी पुढच्या सांध्यातून निखळली आणि रस्त्यावर आपटली. मीठ भरलेला ट्रक मागे सरकायला लागला. काळुरामने तो दरडीला घासून थांबवला म्हणून आज मी हे लिहितो आहे, नाहीतर दुसरंच काही लिहायची पाळी आली असती. त्याचं कोपर सोलवटलं, बाकी निभावलं.

मी जाऊन सांधा उघडला. तुझं चामडं पाणी प्यायलं खरं, पण ते खारं पाणी होतं. वाटेत ऊन लागलं, पाणी उडालं आणि मीठ चामड्यातच राहिलं. पुन्हा भिजलं, पुन्हा वाळलं. हाताने दाबलं तर पापडासारखं मोडलं. आत तेलाचा टिपूस नव्हता, नुसती गंजाची पूड. बाबांची होडी रात्रंदिवस पाण्यात असायची रे. तुझा ट्रक निम्मा वेळ उन्हात असतो. होडीचं शहाणपण गाडीला लावायला निघालास, आणि तेही खाडीकाठी जन्मलेल्या मिस्त्रीलाच सुचावं.

काळुराम रागात आहे. त्याला जाऊन भेट.

आणखी एक. हौसा मावशीकडे गेली आहे, पंधरा दिवस झाले. का गेली ते आत्ता विचारू नकोस. तुझ्या दृष्टीने चांगलंच झालं. वरशाला यायला तोंड होत नव्हतं ना? आता तरी बूड हलव.

पुंडलिक


पेण
१८ एप्रिल १९५६

मित्रवर्य पुंडलिक यास,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही. काळुरामकडे त्याच दिवशी गेलो. तो म्हणाला, मिस्त्री, माझी बायको रडत होती, तिला सांगा काय ते. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनेच चहा दिला.

त्यानंतर मी एकच काम केलं. पिशवीचा नाद सोडला. पितळेची वाटी ओतून घेतली, कातून गुळगुळीत केली आणि सांधा तिच्यात बसवला. वाटीच्या तोंडाशी चामड्याचं कडं, पण त्याची कड आतल्या बाजूला वळवलेली, वाटीच्या भिंतीला टेकलेली. चामडं आधी आठ दिवस एरंडेलात मुरवलं, म्हणजे पाणी प्यायला त्यात जागाच उरली नाही. आता बघ काय होतं. दांडी फिरते, तेल बाहेर पळायला बघतं, आणि पळताना त्या वळलेल्या कडेलाच भिंतीवर दाबतं. जेवढ्या जोराने पळेल तेवढं दार घट्ट. इतके दिवस मी तेलाशी भांडत होतो, आता तेलच माझं काम करतं.

परवा काळुरामबरोबर मी स्वतः पनवेलला मीठ घेऊन गेलो. निघायच्या आधी मुद्दाम उधाणाच्या पाण्यातून दोनदा गाडी काढली. येताना धीर धरवेना, म्हणून हमरापूरच्या फाट्यावर गाडी थांबवायला लावली. रस्त्यावर पाठ टेकून खाली शिरलो. वाटी कोरडी. कडेने बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली, तेल नाही. बाहेर आलो आणि हसायलाच लागलो, थांबेचना. काळुराम म्हणाला, "याड लागलं काय मिस्त्री?"

मग घरी आलो. कुलूप काढलं. हे सांगावं असं घरात कोणी नव्हतं. बाबाजीकडे जावं म्हटलं तर तो गावी गेलेला. कपडे न बदलता तसाच बसून राहिलो. पुंडलिक, इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. काम बिघडत होतं तेव्हा बरं होतं.

हौसा मावशीकडे गेल्याचं तू लिहिलंस. तुमची मावशी माणगावची ना, म्हणजे वरशाहून आणखी लांब. माझ्यापासून लांबच जायचं तिच्या मनात असेल तर मी काय बोलणार. लोकांच्या दारात उभा राहून तिला अवघडून टाकणार नाही.

हिरामण


वरसे, रोहे
२३ एप्रिल १९५६

हिरामण,

माणगाव कुठून काढलंस? मावशी म्हणजे बायजामावशी, हमरापूरची. तुझ्या लग्नात तिने तुझा कान पिळला होता. गावाचं नाव लिहिलं नाही ही माझी चूक, पण तुझ्या बायकोच्या मावशा तुलाही ठाऊक असायला हव्या होत्या.

आता पुढचं वाच आणि मला काय शिव्या घालायच्या त्या घाल. तुझी पत्रं हौसाला वाचून दाखवताना मी पदरची वाक्यं घालत होतो. पहिल्या पत्रात फक्त 'हौसाने जिवाला जपावं' एवढंच घातलं. ते ऐकून ती उठून चुलीपाशी गेली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. पुढे माझा हात सैल सुटला. फेब्रुवारीत तू लिहिलंस, ती आपोआप येईल. ते तिच्या तोंडावर वाचायची माझी छाती झाली नाही. मी वाचलं, 'वरशाला यायची मला लाज वाटते. हौसा हमरापूरला बायजामावशीकडे आली तर तिथून मी तिला घेऊन जाईन.' पेणपासून ती हाकेवर आली की तू जाशीलच, असा माझा हिशेब. त्याच महिन्यात तिने बोचकं बांधलं. मावशीकडे गणपती रंगवायचं काम असतं, पेणहून कच्च्या मूर्ती आणून तिथे रंग देतात. हौसा रंगवत बसली आणि तुझी वाट बघत बसली.

मावशीचं घर हमरापूरच्या फाट्यासमोरच आहे. तू गाडी थांबवलीस ती तिच्या दारातच. काल रविवार होता, हमरापूर गाठलं आणि तिच्यापुढे सगळं ओकून टाकलं. कोणत्या ओळी तुझ्या आणि कोणत्या माझ्या, तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. जेवायला वाढलं आणि पुन्हा जाऊन रंगवायला बसली. मला मारलं असतं तरी चाललं असतं.

तुझा
पुंडलिक


हमरापूर
२४ एप्रिल १९५६

मी मैना, बायजाची मुलगी, लिहिते आहे. हौसाताई बोलते तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे.

अवं,

दादा येऊन सांगून गेला. त्याच्यावर माजा राग नाय. त्याच्या ओळींवर मी दिवस काढले, ते दिवस बरं गेले. खोटं हाय हे ठावं नव्हतं.

तुमी गाडी थांबवलीत तवा मी समोरच्या ओट्यावर पितांबराला पिवळा रंग देत होते. तुमी उतरलात. मला वाटलं, आलं न्यायला. हाताला रंग, लुगड्याला रंग, ते पुसायला गेले. मावशीला म्हटलं, पानी ठेव गो. तवर तुमी रस्त्यावर आडवं झालात. नुसतं पाय दिसत होतं. मी रस्त्याच्या कडेला आले नि उभी राहिले. मग तुमी बाहेर आलात नि हसलात.

बाळ गेल्यापासून तुमाला हसताना मी बघितलं नव्हतं. त्याच्या आधी बी इतकं नाय. हाक मारायला तोंड उघडलं होतं. नाव तर घेता येत नाय, नि अवं म्हटलं तर काळुराम बी वळून बघनार. पन खरं कारन ते नाय. मला बघितलंत की तुमचं हसू जाईल असं वाटलं. म्हनून नाय मारली. गाडी गेली. मावशी म्हनाली, कोन होतं गो? मी म्हटलं, कोन नाय, गाडी बिघडलीवती.

आता दादाच्या बोलन्यानं तुमी याल. लाजंकाजंस्तव येऊ नका. मी इथं रंग देते, पोट भरतं, मावशी चांगली हाय. मला एकच इचारायचं हाय. त्या दिवशी अंगनापर्यंत आलात, आत का नाय आलात? बाळाला मी एकटीनं बघितलं. त्याचं तोंड कोनासारखं होतं ते आईला सांगायला गेले की आई रडते, दादाला सांगायला गेले की दादा उठून जातो. मला ते कोनाला तरी सांगायचं हाय. तुमाला ऐकायचं असंल तर या.

हौसा


पेण
२७ एप्रिल १९५६

प्रिय हौसा,

आधी मैनाला सांगतो. बाई, हे पत्र वाचताना पदरचं काही घालू नकोस आणि लाज वाटली तरी काही गाळू नकोस.

हौसा, तुला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही. पुंडलिक मोठ्याने वाचणार, तुझी आई ऐकणार, म्हणून लिहिता येत नाही असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं होतं. मैना वाचणार हे ठाऊक असून आज लिहितोच आहे.

त्या दिवशी मी अंगणापर्यंतच नाही, दारापर्यंत आलो होतो. तू भिंतीकडे तोंड करून निजली होतीस. तुझ्या शेजारी बाळासाठी शिवलेलं अंगडं पडलं होतं. मला पुढे पाऊल टाकवेना. बिघडलेली वस्तू समोर आली की माझे हात चालायला लागतात, पण तिथे हातांना करण्यासारखं काही नव्हतं. बाहेर शिवणयंत्र दिसलं, ते धरलं. पट्टा नीट झाला आणि आता उठून आत जावं लागणार या भीतीने मी पळालो. घाबरलो होतो, दुसरं काही कारण नाही.

मग मी त्या सांध्याच्या मागे लागलो. लोक म्हणाले, हिरामण मिस्त्री कामाचा पक्का. खरं सांगू का, मला घरात बसवत नव्हतं. गाडीखाली कोणी काही विचारत नाही. तुझं मन आपोआप बसेल असं मी पुंडलिकला लिहिलं, तेही त्याने तुला सांगितलं असेलच. तू तिकडे एकटी असताना मी इकडे लांब बसून वाट बघत राहिलो. त्यात काळुरामचा जीव जाणार होता आणि तू जवळजवळ गेलीच होतीस.

मला बघून तुमचं हसू गेलं असतं, असं तू लिहिलंस. गेलं असतं. खोटं बोलत नाही. भर रस्त्यात, काळुरामच्या समोर, मी बहुतेक रडायलाच लागलो असतो. त्यालाच मी इतके महिने भीत होतो. पण त्या दिवशी घरी येऊन जे बसलो, त्यापेक्षा ते कितीतरी बरं झालं असतं.

बाळाचं तोंड कोणासारखं होतं ते मला ऐकायचं आहे. सगळं ऐकायचं आहे. नाक, कान, केस होते का, रडला तेव्हा आवाज कसा होता. तू सांगशील तेवढं ऐकेन आणि मध्ये उठणार नाही.

सोमवारी सकाळी येतो. ट्रक आणत नाही, चालत येतो. रिवाजाप्रमाणे लुगडं आणि नारळ आणतो. पण मी स्वतःला ओळखतो. फाट्यावर आलो की माझे पाय जड होतील. तिथे कोणाची सायकल बिघडलेली दिसली तर मी तिच्यापाशी खाली बसेन आणि मान वर करणार नाही. तसं झालं तर तू रस्त्याच्या कडेला ये आणि हाक मार. अवं नको. नावाने मार. मावशी ऐकू दे, सगळं हमरापूर ऐकू दे.

मी वर बघेन.

तुझा
हिरामण